मोटार विम्याचे प्रकार (भारत)

मोटार विमा हा वाहनाचा मालक आणि विमा कंपनी यांच्यातील करार असतो. वाहनाच्या वापरातून इतरांना होणारी इजा, वाहनाचे स्वतःचे नुकसान किंवा चोरी, आणि मालक-चालकाचा मृत्यू वा अपंगत्व अशा तीन वेगवेगळ्या जोखमी त्यात येऊ शकतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार यांपैकी केवळ पहिल्या जोखमीचा, म्हणजे त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. अशा विम्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणे अथवा दुसऱ्यास चालवू देणे हा गुन्हा आहे. बोलण्यात 'गाडीचा इन्शुरन्स आहे' असे सरसकट म्हटले जाते. परंतु पॉलिसीत तिन्हींपैकी कोणते भाग घेतलेले आहेत यावर अपघातानंतरचे जवळजवळ सर्व प्रश्न अवलंबून असतात. हा लेख प्रामुख्याने खासगी मोटारींच्या विम्यासंबंधी आहे.

संज्ञा

विमा करारात विमाधारक हा प्रथम पक्ष आणि विमा कंपनी हा द्वितीय पक्ष मानला जातो. या दोघांखेरीज ज्याला वाहनामुळे हानी पोहोचते तो त्रयस्थ पक्ष. रस्त्यावरील पादचारी, धडक बसलेला दुचाकीस्वार, ज्याच्या दुकानात मोटार घुसली तो दुकानदार, हे सर्व त्रयस्थ होत. वाहनाचा मालक स्वतः मात्र आपल्याच पॉलिसीत त्रयस्थ ठरत नाही. बहुतेक गैरसमजांचे मूळ या साध्या गोष्टीत आहे. महाराष्ट्रात सर्वसमावेशक पॉलिसीला 'फर्स्ट पार्टी' किंवा 'फुल इन्शुरन्स' आणि केवळ दायित्वाच्या पॉलिसीला 'थर्ड पार्टी' म्हणण्याचा प्रघात आहे. 'फुल' हा शब्द फसवा आहे, कारण सर्वसमावेशक पॉलिसीतही बरेच काही वगळलेले असते.

इतिहास

वाहनमालकाकडे पैसे नसले तर अपघातग्रस्ताच्या हाती न्यायालयाचा निकाल पडूनही भरपाई मिळत नाही, या अनुभवातून सक्तीच्या विम्याची कल्पना रुजली. ब्रिटनमध्ये १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने त्रयस्थ पक्ष विमा अनिवार्य केला. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९३९ च्या आठव्या प्रकरणात तशी तरतूद करण्यात आली, परंतु ते प्रकरण प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून अमलात आले. पुढे १९८८ च्या अधिनियमाने जुन्या कायद्याची जागा घेतली आणि २०१९ च्या दुरुस्तीने विम्यासंबंधीच्या प्रकरणाची पुनर्रचना केली. या दुरुस्तीतील भरपाईविषयक तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या.

सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर, १ जानेवारी १९७३ पासून, मोटार विमा चार सरकारी कंपन्यांकडे होता. सर दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली मुंबईची न्यू इंडिया अश्युरन्स ही त्यांपैकी एक. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरणाची स्थापना होऊन खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले. तरीही हप्त्याचे दर २००६ अखेरपर्यंत दरपत्रकाने बांधलेले होते. १ जानेवारी २००७ पासून वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचे दर कंपन्यांवर सोडण्यात आले. त्रयस्थ पक्ष विम्याचे दर आजही शासकीय अधिसूचनेने ठरतात. म्हणून या भागाचा मूळ हप्ता कोणत्याही कंपनीकडे सारखाच असतो आणि कंपन्यांमधील तुलना केवळ उरलेल्या भागापुरती करता येते.

त्रयस्थ पक्ष दायित्व विमा

या भागात वाहनाच्या वापरामुळे त्रयस्थ व्यक्तीचा मृत्यू किंवा शारीरिक इजा झाल्यास, तसेच तिच्या मालमत्तेची हानी झाल्यास, मालकावर येणारे कायदेशीर दायित्व विमा कंपनी उचलते. मृत्यू व इजेसाठी पॉलिसीत कमाल रक्कम लिहिलेली नसते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम देय होते. खासगी मोटारीच्या बाबतीत मालमत्तेच्या हानीसाठी मर्यादा सामान्यतः साडेसात लाख रुपये असते. हप्त्यात थोडी सवलत घेऊन ती कायद्यातील किमान सहा हजार रुपयांपर्यंत खाली आणण्याचा पर्याय असतो, मात्र आजच्या काळात एखाद्या दुकानाचे शटरही त्या रकमेत दुरुस्त होणार नाही.

भरपाई कशी मोजली जाते हे पाहिल्यास या विम्याचे महत्त्व ध्यानात येते. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या खटल्यांत मृत्यूच्या दाव्यांसाठी ठरावीक पद्धत घालून दिली आहे. समजा, महिना २०,००० रुपये कमावणारा, स्वतंत्र व्यवसाय करणारा ३५ वर्षांचा मनुष्य अपघातात मृत्युमुखी पडला आणि त्याच्यामागे चार अवलंबित आहेत. त्याचे वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये. भविष्यातील वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवले की ३,३६,००० होतात. मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एकचतुर्थांश वजा केल्यास २,५२,००० उरतात. या वयासाठीचा गुणक १६ आहे. त्यानुसार रक्कम ४०,३२,००० रुपये येते. सहजीवनाची हानी, अंत्यसंस्कार इत्यादींची ठरावीक रक्कम त्यावर वेगळी. विमा असल्यास हा बोजा कंपनीवर पडतो. नसल्यास तो मालकाकडून, वेळप्रसंगी त्याची मालमत्ता जप्त करून, वसूल केला जाऊ शकतो. मालकाकडेही काही नसेल तर मृताच्या कुटुंबाच्या हाती निकालाचा कागद तेवढा उरतो.

याच्या तुलनेत हप्ता लहान आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० घन सेंटीमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीचा वार्षिक त्रयस्थ पक्ष हप्ता २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० घन सेंटीमीटरसाठी ३,४१६ रुपये आणि त्यावरील मोटारींसाठी ७,८९७ रुपये ठरवण्यात आला, कर वेगळा. विजेवर चालणाऱ्या वाहनांना १५ टक्के आणि संकरित इंधनाच्या वाहनांना साडेसात टक्के सवलत देण्यात आली. पहिल्या वर्षानंतर अनेक वाहनधारक विम्याचे नूतनीकरण करीत नाहीत, हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने एस. राजसीकरन खटल्यात २०१८ साली दिलेल्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा एकरकमी घेणे आवश्यक झाले. विम्याविना वाहन चालवल्यास कलम १९६ नुसार पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दंड ४,००० रुपये होतो.

चालकाकडे वैध परवाना नव्हता किंवा पॉलिसीच्या अन्य अटीचा भंग झाला होता, असे म्हणून कंपनी त्रयस्थ पक्षाला सहसा हात हलवत परत पाठवू शकत नाही. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग (२००४) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व विस्ताराने मांडले. परवाना नसणे किंवा तो बनावट असणे एवढ्याने कंपनीची सुटका होत नाही. मालकाने जाणूनबुजून अथवा निष्काळजीपणे अट मोडली हे तिने सिद्ध करावे लागते. भंग सिद्ध झाला तरी न्यायाधिकरण 'आधी भरपाई द्या, नंतर मालकाकडून वसूल करा' असा आदेश देऊ शकते. म्हणजे विम्याचे संरक्षण येथे पीडिताला मिळते, अट मोडणाऱ्या मालकाला नव्हे.

चूक कोणाची याचा निवाडा न करता मिळणाऱ्या भरपाईची तरतूद कलम १६४ मध्ये आहे: मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये. त्याहून अधिक रकमेसाठी कलम १६६ खाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. दुरुस्त कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घालण्यात आली आहे. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा शोध न लागल्यास शासकीय योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार देणारी योजनाही अधिसूचित केली.

मोटारीतील प्रवासी

खासगी मोटारीत बसलेले नातेवाईक किंवा मित्र त्रयस्थ पक्षात मोडतात का, हा प्रश्न न्यायालयांत वारंवार आला. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध तिलक सिंग (२००६) या दुचाकीच्या प्रकरणात, केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत विनामोबदला प्रवास करणाऱ्याची जोखीम येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. याउलट सर्वसमावेशक पॉलिसीच्या दायित्व विभागात मोटारीतील प्रवाशांचा स्पष्ट समावेश असतो, आणि विमा नियामकाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने कंपन्यांना तसे बजावले. परिणामी सहकुटुंब प्रवास करणाऱ्या मालकाने केवळ 'थर्ड पार्टी' घेतली असेल आणि अपघात त्याच्याच चुकीने झाला असेल, तर शेजारी बसलेल्या पत्नीला किंवा मुलांना या पॉलिसीतून भरपाई मिळण्याची शाश्वती नसते. जुनी मोटार आहे, नुकसान झाले तर होऊ दे, असा हिशेब करून सर्वसमावेशक विमा सोडणाऱ्यांच्या हा भाग सहसा लक्षात येत नाही.

मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा

मालक त्रयस्थ ठरत नसल्याने त्याच्यासाठी हा स्वतंत्र भाग आहे. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू आलेल्या चालकाच्या वारसांना कलम १६६ खाली भरपाई मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत स्पष्ट केले आहे. अशा कुटुंबाला वाहनाच्या पॉलिसीतून जे काही मिळते ते याच भागातून. २०१८ पर्यंत त्याची रक्कम दुचाकीसाठी एक लाख आणि मोटारीसाठी दोन लाख इतकी तोकडी होती. त्या वर्षी ती १५ लाख रुपये करण्यात आली. मृत्यू, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गमावणे आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व यांसाठी पूर्ण रक्कम, तर एक डोळा किंवा एक अवयव गमावल्यास निम्मी रक्कम मिळते. वैध परवाना असणे ही अट आहे. मालकाकडे किमान १५ लाखांचा अन्य अपघात विमा असल्यास हा भाग वगळता येतो. पगारी चालक व अन्य प्रवासी यांच्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

स्वतःच्या नुकसानीचा विमा

हा भाग ऐच्छिक आहे. मात्र कर्जावर घेतलेल्या मोटारीसाठी बँका तो आवश्यक ठरवतात. आग, स्फोट, वीज पडणे, चोरी, दंगल व संप, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड कोसळणे, दहशतवादी कृत्य, बाह्य कारणाने झालेला अपघात, तसेच रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग वा विमानाने वाहन नेत असताना झालेली हानी यात येते. त्रयस्थ पक्ष दायित्व आणि हा भाग एकत्र घेतल्यास त्यास सर्वसमावेशक किंवा पॅकेज पॉलिसी म्हणतात. १ सप्टेंबर २०१९ पासून स्वतःच्या नुकसानीची स्वतंत्र पॉलिसीही उपलब्ध झाली, त्यामुळे दोन भाग दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेता येतात.

या भागातील देय रकमेची कमाल मर्यादा म्हणजे वाहनाचे विमा घोषित मूल्य, प्रचलित भाषेत आयडीव्ही. त्याच मॉडेलच्या उत्पादकाने जाहीर केलेल्या विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ते काढतात. घसारा सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के असतो. त्यापुढील वाहनांचे मूल्य मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते. आठ लाखांच्या मोटारीचे साडेतीन वर्षांनंतरचे मूल्य ४,८०,००० रुपये होईल. दुरुस्तीचा खर्च मूल्याच्या ७५ टक्क्यांहून, या उदाहरणात ३,६०,००० रुपयांहून अधिक असल्यास वाहन पूर्ण नुकसानीत काढले जाते. हप्ता कमी दिसावा म्हणून मूल्य मुद्दाम कमी लावून घेणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. मोटार चोरीला गेल्यावर भरपाईही त्याच कमी आकड्याने मिळते.

दुरुस्तीच्या दाव्यात सुट्या भागांवरही घसारा लागतो. रबर, नायलॉन व प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही, आणि धातूच्या भागांवर वाहनाच्या वयानुसार. वरील साडेतीन वर्षांच्या मोटारीचा बंपर १२,००० रुपयांचा, बॉनेट १०,००० रुपयांचे, पुढील काच ८,००० रुपयांची आणि मजुरी ६,००० रुपये धरली, तर रंगकाम व कर सोडून गॅरेजचे बिल ३६,००० रुपये होते. बंपरचे ६,०००, बॉनेटचे २५ टक्के घसारा जाऊन ७,५००, काचेचे ८,००० आणि मजुरीचे ६,००० असे २७,५०० रुपये ग्राह्य ठरतात. त्यातून अनिवार्य वजावट जाते; १,५०० घन सेंटीमीटरपर्यंतच्या मोटारीस ती १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीस २,००० रुपये असते. लहान इंजिनाची मोटार धरल्यास कंपनी २६,५०० रुपये देईल आणि ९,५०० रुपये मालकाला भरावे लागतील. गॅरेजच्या काउंटरवर होणाऱ्या वादांपैकी पुष्कळसे याच फरकावरून होतात.

वर्षभरात दावा न केल्यास पुढील वर्षी या भागाच्या हप्त्यात 'नो क्लेम बोनस' म्हणून सूट मिळते: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग अनुक्रमे २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. एका दाव्याने ती सामान्यतः शून्यावर येते. ज्याच्या या भागाचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि सूट ५० टक्क्यांवर पोहोचली आहे, त्याने ३,००० रुपयांच्या किरकोळ ओरखड्यासाठी दावा केल्यास पुढच्याच वर्षी ५,००० रुपयांची सूट जाते. बोनस वाहनाला नव्हे तर व्यक्तीला मिळतो; मोटार विकून नवी घेतल्यास तो नव्या मोटारीस लावता येतो, परंतु विकत घेणाऱ्याकडे जात नाही. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास तो नष्ट होतो.

पूर आणि इंजिन

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. पूर ही विमित आपत्ती असल्याने आसने, विद्युत यंत्रणा व अन्य भागांचे नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत बसते. इंजिनाची गोष्ट निराळी आहे. पाणी शिरलेले इंजिन चालू करण्याचा प्रयत्न केल्यास सिलिंडरमधील पाणी दाबले न गेल्याने आतील दांडे वाकतात किंवा तुटतात. ही हानी पुराने थेट झालेली नसून नंतरच्या कृतीचा परिणाम आहे, या कारणास्तव कंपन्या तिला 'परिणामी नुकसान' मानून नाकारतात. म्हणून पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा चालू न करता ओढून नेण्याचा सल्ला दिला जातो. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या आणि कृष्णा-पंचगंगेकाठच्या पूरप्रवण भागांत 'इंजिन संरक्षण' या पूरक विम्याचा उपयोग होतो तो यामुळेच.

पूरक विमे

सुट्या भागांवरील घसारा माफ करणारा 'झिरो डेप' किंवा 'बंपर टू बंपर' हा सर्वाधिक परिचित पूरक विमा होय. वरील उदाहरणात तो असता तर मालकाला वजावटीचे १,००० रुपयेच द्यावे लागले असते. कंपन्या तो बहुधा नव्या किंवा काही वर्षांपर्यंतच्या मोटारींनाच देतात आणि वर्षातील दाव्यांच्या संख्येवर मर्यादा घालतात. 'रिटर्न टू इनव्हॉइस' मध्ये पूर्ण नुकसान वा चोरीच्या वेळी घसारायुक्त मूल्याऐवजी खरेदीची किंमत मिळते. बोनस संरक्षण, तेल-वंगणासारख्या उपभोग्य वस्तू आणि रस्त्यावरील मदत हे अन्य प्रकार. जुलै २०२२ मध्ये नियामकाने प्रत्यक्ष वापरावर व चालवण्याच्या पद्धतीवर हप्ता ठरवणाऱ्या योजनांना परवानगी दिली.

वगळलेल्या बाबी

मद्यपान करून किंवा वैध परवान्याशिवाय चालवताना झालेले नुकसान, सामान्य झीज, यांत्रिक वा विद्युत बिघाड, युद्ध आणि अण्वस्त्रजन्य हानी यांचा स्वतःच्या नुकसानीच्या भागात समावेश नसतो. पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश इत्यादी शेजारी देशांसाठी जादा हप्ता भरून ती वाढवता येते. वापराच्या मर्यादेची अट विशेष महत्त्वाची आहे. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार भाड्याने दिल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. पर्यटकांनी स्वतः चालवायच्या भाड्याच्या मोटारींना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. गोव्यात ओळखीतून खासगी मोटार भाड्याने घेणाऱ्याने ही पाटी पाहिलेली बरी. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटची नोंद आरसी बुकात आणि पॉलिसीत, दोन्हीकडे असावी लागते.

हस्तांतर

जुनी मोटार विकल्यावर त्रयस्थ पक्ष विमा कलम १५७ नुसार आपोआप नव्या मालकाच्या नावे झाला असे मानले जाते. स्वतःच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी लागते.

दावा आणि तक्रार

अपघातानंतर कंपनीला तात्काळ कळवणे आणि सर्व्हेअरने पाहणी करण्यापूर्वी वाहन न उघडणे अपेक्षित असते. चोरीच्या प्रकरणात प्राथमिक माहिती अहवाल, दोन्ही किल्ल्या आणि तपास निष्फळ ठरल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो. महाराष्ट्रात तो 'अ समरी' या नावाने ओळखला जातो. पोलिसांकडे वेळेत तक्रार दिलेली असेल, तर कंपनीला कळवण्यास झालेला विलंब हे एकमेव कारण दाखवून खरा दावा नाकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गुरशिंदर सिंग खटल्यात (२०२०) दिला.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. उत्तर असमाधानकारक असल्यास किंवा महिनाभरात न आल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क लागत नाही आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. त्रयस्थ पक्षाच्या इजेचे दावे मात्र या दोन्ही ठिकाणी नव्हे, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढेच चालतात. अपघात घडला ते ठिकाण, दावेदाराचे निवासस्थान किंवा प्रतिवादीचे निवासस्थान यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करण्याची दावेदाराला मुभा आहे.